सावरगाव ते पांढुर्णा : अंतर आणि उड्डाणकाळ (नवशिक्यांसाठी)

दोन शहरांमधलं हवाई अंतर आणि विमानाला लागणारा वेळ काढणं आता कुणालाही जमतं. मोबाइलवर दोन नावं टाकायची, बोट दाबायचं, आकडा हजर. पण लोक सराव करतात तो पुणे–नागपूर किंवा मुंबई–नागपूर असल्या सोप्या गणितांवर. दोन्हीकडे विमानतळ, दोन्हीकडे विमानं, मधे मुबलक आकाश. त्यात शिकण्यासारखं काय आहे? शिकायचंच तर अवघड उदाहरण घ्यावं, म्हणून इथे सावरगाव आणि पांढुर्णा ही जोडी घेतली आहे.

मध्य प्रदेशाच्या दक्षिण टोकाला, महाराष्ट्राला खेटून, जाम नदी वाहते. तिच्या एका काठाला पांढुर्णा, दुसऱ्या काठाला सावरगाव. मधे पूल. विमानतळ कुठल्याच काठाला नाही. तरीही वर्षातून एक दिवस या दोन गावांमधली हवाई वाहतूक इतकी दाट होते की आधी जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघतो, रुग्णवाहिका उभ्या राहतात आणि पोलिसांच्या तुकड्या बाहेरून मागवाव्या लागतात. त्या दिवसाकडे आपण यथावकाश येऊ. नवशिक्यांनी घाई करू नये.

पायरी पहिली : नाव बरोबर टाका

निम्मे प्रवासी इथेच चुकतात. नुसतं ‘सावरगाव’ टाकलं तर यंत्र तुम्हाला कुठेही नेऊन सोडेल. बीड जिल्ह्यात दसऱ्याच्या मेळाव्यासाठी प्रसिद्ध असलेलं एक सावरगाव आहे. शेजारच्या नरखेड तालुक्यात आणखी एक आहे. महाराष्ट्रात जितके तालुके, तितकी सावरगावं असावीत अशी शंका येते. तेव्हा ‘पांढुर्ण्याचं सावरगाव’ असं स्पष्ट सांगायचं. सावरगावकरांना हे सांगणं आवडेलच असं नाही, पण गणितात भावनेला जागा नसते.

पांढुर्ण्याची अडचण वेगळी आहे. रेल्वेने या स्थानकाला जे तीन इंग्रजी अक्षरांचं लघुनाव दिलं आहे ते पी-ए-आर. विमानांच्या जगात हीच तीन अक्षरं पॅरिस शहराच्या नावावर आहेत. उत्साहाच्या भरात एखाद्याने विमानाच्या रकान्यात रेल्वेचं लघुनाव टाकलं की सावरगाव ते पी-ए-आर अंतर निघतं सुमारे ७,२०० किलोमीटर आणि वेळ साडेनऊ तास. नदीपलीकडून दळण आणायला गेलेल्या माणसाने एवढा वेळ लावला तर घरी काय ऐकावं लागेल याचा विचार करून मगच पुढची पायरी गाठावी.

पायरी दुसरी : सरळ रेष ओढा

सरावाला आधी जिल्ह्यातलीच दोन मोठी गावं घेऊ, पांढुर्णा आणि सौंसर. पांढुर्णा साधारण २१.६० उत्तर अक्षांश, ७८.५२ पूर्व रेखांशावर आहे. सौंसर त्याच्या पूर्वेला, २१.६५ आणि ७८.७९ च्या आसपास. अक्षांशाचा एक अंश म्हणजे कुठेही गेलात तरी साधारण १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून दूर जावं तसा आखडत जातो. आपल्या या पट्ट्यात तो १०३.५ किलोमीटर भरतो. आता गुणाकार करा. उत्तर-दक्षिण फरक साडेपाच किलोमीटर, पूर्व-पश्चिम फरक २८. दोघांचे वर्ग करून बेरीज, बेरजेचं वर्गमूळ. उत्तर साडेअठ्ठावीस किलोमीटर. इतक्या कमी अंतराला पृथ्वीचा गोलपणा मनाला लावून घ्यायची गरज नाही. पायथागोरसवर भागतं.

हे उत्तर घेऊन आता पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर जा आणि कुणालाही विचारून पाहा.

“काका, सौंसर किती दूर आहे इथून?”

“एक घंटा.”

“वेळ नाही हो, अंतर विचारतोय.”

“तेच त सांगून राह्यलो ना भाऊ, एक घंटा. बस थांबत थांबत गेली त सवा घंटा.”

नवशिक्याने इथे वाद घालू नये. काकांचं माप तुमच्या मापापेक्षा जास्त खरं आहे. त्यात रस्ता आहे, खड्डा आहे, संत्र्याची पोती चढवायला थांबलेली बस आहे आणि चहाही आहे. साडेअठ्ठावीस किलोमीटरमध्ये यातलं काहीच नाही.

रेल्वेने जायचं म्हणाल तर गंमत पुढेच आहे. पांढुर्णा नागपूर–इटारसी मार्गावर, म्हणजे दिल्ली–चेन्नईच्या हमरस्त्यावर. सौंसर नागपूर–छिंदवाडा मार्गावर. या मार्गावरची अरुंद रुळांची छोटी गाडी २०१५ च्या अखेरीस बंद झाली आणि मग काही वर्षांनी रुंद रूळ आले. दोन्ही गावांना रेल्वे आहे, फक्त एकमेकांकडे जाणारी नाही. पांढुर्ण्याहून गाडीत बसायचं, नरखेड, काटोल, कळमेश्वर करत नागपूर गाठायचं, तिथे गाडी बदलायची आणि पुन्हा उत्तरेकडे तोंड करून सौंसर. शेजारच्या घरी जायला तालुक्याच्या गावाहून वळसा. सरळ रेष ही कागदावरची चैन आहे, हा धडा इथेच पक्का झाला पाहिजे.

कागदावरची म्हटली तरी ती रेष कुणीतरी आधी घामाने ओढलेली असते. हिंदुस्थानाची मोजणी करायला निघालेला विल्यम लॅम्बटन मद्रासेपासून साखळ्या आणि अर्ध्या टनाचं कोनमापक यंत्र घेऊन मोजत मोजत उत्तरेला सरकत होता. ७८ अंश रेखांशाच्या आजूबाजूने जाणारी ही मोजणी आपल्या पांढुर्ण्याच्या पश्चिमेच्या अंगाने वर गेली. लॅम्बटन स्वतः तितका वर पोचला नाही. जानेवारी १८२३ मध्ये, नागपूरच्या वाटेवर असताना, तो हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढचं काम एव्हरेस्टने ओढलं आणि शिखराला नावही त्याचंच लागलं. आयुष्यभर अंतर मोजलेल्या माणसाच्या वाट्याला हिंगणघाट आलं. कापूस विकायला हिंगणघाटला जाणाऱ्यांपैकी किती जण त्या कबरीकडे वळतात, हा प्रश्न या मार्गदर्शिकेच्या कक्षेबाहेरचा आहे.

नागपुरात झीरो माईलचा खांब आहे, तोही याच मोजणीच्या घराण्यातला, १९०७ सालचा. त्यावर निरनिराळ्या गावांची अंतरं कोरलेली आहेत. अंतर दगडावर कोरायचं, ही नागपूरची रीत. दगडानेच अंतर कापायचं, ही सावरगावची. पण ते पुढे.

पायरी तिसरी : तुम्ही हललात की गाव हललं ते तपासा

ही पायरी बाहेरच्या कुठल्याही मार्गदर्शिकेत सापडणार नाही, कारण बाहेरच्यांना तिची गरज पडत नाही. ते धरून चालतात की दोन गावांमधलं अंतर एकदा मोजलं की मोजलं. सावरगावात हे चालत नाही.

उदाहरण करून पाहा. सावरगावच्या ओट्यावर एक माणूस बसवा आणि त्याला सांगा, हलायचं नाही. तारीख धरा ३१ ऑक्टोबर १९५६. या माणसाची राजधानी नागपूर, सरळ रेषेत ७५ ते ८० किलोमीटर. सकाळी निघून, काम उरकून, रात्री घरी जेवायला येता येईल इतकी जवळ. आता एक रात्र जाऊ द्या. १ नोव्हेंबर उजाडला, राज्यांची पुनर्रचना झाली, आणि ओट्यावरून न उठलेल्या त्या माणसाची राजधानी भोपाळ झाली. सरळ रेषेत २१५ किलोमीटर. एका रात्रीत राजधानी जवळजवळ १४० किलोमीटर लांब गेली. विदर्भातले आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याच्यासोबत पांढुर्णा-सौंसरची मराठी घरंही. घरात बोलायचं मराठी, अर्ज लिहायचा हिंदीत, दवाखाना नागपूरचा, मंत्री भोपाळचे. राजधानी नागपूरकरांचीही गेली, पण त्यांना भरपाईत निदान हिवाळी अधिवेशन मिळालं. सावरगावला तेही नाही.

ओट्यावरच्या माणसाला तसंच बसू द्या. ऑगस्ट २०२३ मध्ये मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी सौंसरजवळच्या जामसावळीच्या कार्यक्रमात घोषणा केली, आणि ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. तोवर जिल्ह्याचं ठिकाण छिंदवाडा, सरळ रेषेत ६५ किलोमीटरच्या पुढे. ५ ऑक्टोबरपासून ते पुलापलीकडे. ज्या गावाशी वर्षानुवर्षं दगडांनी बोलणी चालतात तेच गाव आता सावरगावचं जिल्ह्याचं ठिकाण. खसरा, जातीचा दाखला, रेशनची तक्रार, सगळ्यासाठी पूल ओलांडायचा. माणूस अजून ओट्यावरच आहे. त्याला चहा द्या आणि पुढे चला.

पायरी चौथी : उड्डाणकाळाचं सूत्र

गणकयंत्रांची रीत साधारण अशी असते. अंतराला ताशी ८०० किलोमीटरने भागायचं आणि उड्डाण-उतरणीसाठी अर्धा तास वर टाकायचा. पुणे–नागपूर सुमारे ६०० किलोमीटर. पाऊण तास अधिक अर्धा तास, झाला सव्वा तास. गणित चोख.

आता पांढुर्णा–सौंसर करा. साडेअठ्ठावीस भागिले ८००, म्हणजे दोन मिनिटं आणि थोडे सेकंद, अधिक अर्धा तास. उत्तर ३२ मिनिटं. काकांच्या एका घंट्यापेक्षा २८ मिनिटं वाचली. ती वाचवण्यासाठी दोन विमानतळ बांधावे लागतील, हे यंत्र सांगत नाही.

सावरगाव–पांढुर्णा घ्या. दोन्ही काठांवरच्या घरांमधलं अंतर ३०० मीटर धरलं तर ८०० च्या वेगाने दीड सेकंदही लागत नाही. अधिक अर्धा तास. म्हणजे यंत्राच्या मते पूल ओलांडायला ३० मिनिटं आणि एक सेकंद. यातला एक सेकंद प्रवासाचा, बाकीचा बांधाबांधीचा. कुठल्याही सरकारी कामाचं प्रमाण साधारण हेच पडतं, त्यामुळे उत्तर चुकलं असं ठामपणे म्हणता येत नाही.

पायरी पाचवी : विमान शोधा

जवळचा मोठा विमानतळ नागपूरचा. अमरावतीच्या बेलोऱ्याला १६ एप्रिल २०२५ पासून मुंबईचं विमान सुरू झालं आहे, पण पांढुर्ण्याहून नागपूरच जवळ पडतं. आता पेन्सिल घ्या आणि नागपूर ते भोपाळ सरळ रेष ओढा. ती कुठून जाते पाहिलंत? पांढुर्णा आणि सौंसर या दोघांच्या बरोबर मधून. म्हणजे पांढुर्ण्याच्या माणसाला हवेतून भोपाळला जायचं असेल तर त्याने आधी दोन घंटे दक्षिणेला उलटं नागपूरला जावं, विमानतळावर दोन तास आधी पोचून पट्टा आणि बूट काढावेत, मग विमानात बसून पुन्हा आपल्याच गावाच्या डोक्यावरून उत्तरेला जावं. खिडकीजवळची डावी जागा मागून घ्या. आभाळ स्वच्छ असेल तर घराची गच्ची आणि वाळत घातलेले कपडे दिसतील, अशी आशा करायला हरकत नाही. एवढ्या वेळात पांढुर्ण्याहून निघालेली रेल्वे इटारसी ओलांडून भोपाळच्या वाटेला लागलेली असते.

माणसाला हा वळसा परवडला नाही तरी टपालाला एके काळी परवडत असे. १९४९ च्या जानेवारीत नागपूर हे रात्रीच्या हवाई टपालाचं केंद्र झालं. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांहून विमानं मध्यरात्री सोनेगावच्या धावपट्टीवर उतरत, थैल्यांची अदलाबदल करत आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परतत. पांढुर्ण्याहून रेल्वेने नागपूरला गेलेलं पत्र त्याच रात्री आकाशात जाऊ शकत होतं. पत्र लिहिणारा मात्र ओट्यावर.

जिल्ह्यात उड्डाणाचा अनुभव असलेलं कुणीच नाही असं समजू नका. जामसावळीला हनुमानाचं मोठं देवस्थान आहे. शंभर योजनांचा समुद्र एका झेपेत ओलांडल्याची ख्याती असलेला हा देव इथे पिंपळाखाली पहुडलेल्या रूपात आहे. मोठ्या उड्डाणानंतर वैमानिकाला सक्तीची विश्रांती द्यावी लागते, हा नियम जगभर आहे. इथे तो सगळ्यात काटेकोरपणे पाळला जातो. शनिवारी-मंगळवारी रांगेत उभं राहायची तयारी ठेवा.

पायरी सहावी : प्रत्यक्ष उड्डाण

आता मुख्य धडा. तारीख ठरलेली आहे. श्रावणातली पिठोरी अमावस्या, म्हणजे पोळा, आणि त्याचा दुसरा दिवस. त्या दिवशी नागपुरात मारबती निघतात, पोरंसोरं लाकडी नंदी घेऊन तान्हा पोळा करतात. पांढुर्णा-सावरगावात गोटमार असते.

पहाटे सावरगावकडून पळसाचं झाड आणून जाम नदीच्या मधोमध रोवतात. त्यावर झंडी बांधतात. पूजा होते. मग पांढुर्ण्याने ती झंडी तोडायची आणि सावरगावने तोडू द्यायची नाही. साधन एकच, नदीतला गोटा. संध्याकाळपर्यंत चालतं. झंडी निघाली की ‘चंडी माता की जय’चा गजर होतो आणि झाड चंडी मातेच्या देवळात जातं. नाहीच निघाली तर अंधार पडायच्या सुमारास प्रशासन मधे पडतं आणि समझोता होतो.

यामागे दोन कथा सांगतात. एक अशी की पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन निघाला, दोघं नदीच्या मधे असताना सावरगावकडून दगड सुरू झाले, त्यांना वाचवायला पांढुर्ण्याकडून सुरू झाले, आणि दोघंही पाण्यातच राहिली. दुसरी अशी की भोसल्यांच्या फौजेचा हा युद्धसराव होता. लोकांना पहिलीच आवडते. गणिताच्या दृष्टीनेही तीच महत्त्वाची, कारण सावरगाव–पांढुर्णा अंतराची ती जुन्यात जुनी नोंद आहे. अर्धी नदी. तेवढं अंतर त्या दोघांना कापता आलं.

आता सूत्राकडे. सोयीसाठी दोन फळ्यांमधलं अंतर ४० मीटर धरू. चांगला हात दगडाला सेकंदाला २५ मीटरचा वेग देतो, म्हणजे ताशी ९० किलोमीटर. हवेचा अडथळा सोडून द्या. या वेगाने ४० मीटर गाठायचे दोन मार्ग आहेत. जमिनीशी सुमारे २० अंशांचा कोन करून फेकलं तर दगड आडवा येतो. उड्डाणकाळ १.७ सेकंद. ७० अंशांत फेकला तर तोच दगड आधी २८ मीटर वर जातो, नऊमजली इमारतीएवढा, आणि मग खाली येतो. उड्डाणकाळ ४.८ सेकंद. पहिली थेट सेवा, दुसरी वळशाची. दोन्ही एकाच ठिकाणी उतरतात.

नवशिक्यांनी इथे थांबून दोन्ही आकड्यांची वजाबाकी करावी. ३.१ सेकंद. म्हणजे एकाच माणसाने आधी एक दगड उंच फेकला आणि तीन सेकंदांनी दुसरा आडवा फेकला, तर दोन्ही एकाच क्षणी पोचतात. समोरचा आडव्याकडे पाहत असतो. तेव्हा काठावरून, पुलावरून, गच्च्यांवरून एकच ओरडा ऐकू येतो, “वर पाय बे, वर!” पात्रात उभ्या पोराची मान वर होते. मान वर झाली की आडवा दिसत नाही. डोळ्याने पाहिल्यापासून अंग हलेपर्यंत माणसाला पाव सेकंद तरी लागतोच आणि खाली जामचा खडकाळ, शेवाळलेला तळ आहे. पावसाळा आहे, पाय घसरतो. क्रिकेटमध्ये फलंदाजाकडे वीस मीटरवरून एका वेळी एकच चेंडू येतो, त्याच्या डोक्यावर हेल्मेट असतं, पायाला पॅड असतात आणि चेंडू येतोय कुठून हे त्याला ठाऊक असतं. इथे दगड शेकड्यांनी येतात आणि येण्याआधी कुणी नाव पुकारत नाही.

गोफणीवर बंदी असते. शेतातली पाखरं हाकायची गोफण दगडाला हाताहून बराच जास्त वेग देते, आणि वेग दीडपट झाला की पल्ला सव्वादोनपट होतो. त्यामुळे नदीकाठच्या घरांच्या गच्चीवर प्रेक्षक म्हणून बसलेला माणूसही प्रवाशांच्या यादीत जाऊ शकतो. बंदी दरवर्षी असते. गोफणही दिसते.

सामानाचं वजन, तिकीट, ओळखपत्र यांची अट नाही. परतीची सोय उत्तम. पलीकडून आलेला दगड उचलून लगेच पलीकडे धाडता येतो, त्यामुळे काही दगडांचा दिवसभरातला प्रवास भल्याभल्या वैमानिकांना हेवा वाटावा असा होतो. एके वर्षी प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवून पाहिले. चेंडू थोडा वेळ उडाले, मग पुन्हा दगड.

आता सूत्रातली उणीव. सूत्रात वेग आहे, कोन आहे, गुरुत्वाकर्षण आहे. पलीकडचं डोकं कुठेच नाही. फेकणाऱ्याच्या काठावरून मोजलं तर सगळं नेटकं उतरतं, आणि गोटमारीला परंपरा, शौर्य, खेळ म्हणणारे बहुतेक जण याच काठावरून मोजतात. दुसऱ्या काठावरच्या नोंदी वेगळ्या आहेत. जखमी दरवर्षी शेकड्यांनी असतात. १९५५ पासून गेलेल्यांचा आकडा डझनाच्या पुढे आहे. फुटलेला डोळा, मोडलेला जबडा, निकामी झालेला हात यांची गणती त्यात नाही. यातला एकही माणूस शत्रूच्या दगडाने गेलेला नाही. पोळ्याच्या दिवशी ज्याच्या बैलजोडीला पुरणपोळी खाऊ घातली, ज्याच्याबरोबर एका बाकावर शाळा झाली, ज्याच्या दुकानातून उधारीवर खत आणलं, तो पलीकडे असतो. माझं म्हणणं विचाराल तर झंडी, पळस, चंडी मातेची पूजा, ढोल, जत्रा सगळं ठेवावं आणि उड्डाणं बंद करावीत. पण हे म्हणणं पुलावर उभं राहून मोठ्याने म्हणू नये. दोन्ही काठ त्या क्षणी पहिल्यांदा एक होतील आणि दोन्हीकडची सेवा तुमच्या दिशेने वळेल.

पायरी सातवी

ही पायरी गाळली तरी चालते. तीत फक्त दुसऱ्या दिवशी पुलावरून चालत जाऊन अंतर पुन्हा मोजायचं असतं. चालायला लागणारी मिनिटं नेहमीएवढीच भरतात.

नेहमीच्या शंका

*पांढुर्ण्याला विमानतळ होईल का?*

जिल्हा झाला आहे, त्यामुळे भाषणात होईल. तोवर नागपूर.

*झंडी कुणी तोडली यावर अंतर बदलतं का?*

नाही. मात्र वर्षभर चहाच्या टपरीवर कुणी कुणाकडे पाहून मिशीवर हात फिरवायचा ते बदलतं.

*गोटमारीच्या दिवशी नागपूरहून सावरगावला जायचं असल्यास?*

नागपूर–भोपाळ महामार्गाने या, पण दुपारी पांढुर्ण्यातून पुलाकडे जाण्याचा बेत करू नका. आदल्या दिवशी, पोळ्यालाच येऊन राहा. बैल सजवलेले पाहायला मिळतील, ओळखीच्या घरी पुरणपोळी मिळेल. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीत बसायला बोलावलं तर जिन्यातच बसा.

*भाडं किती पडतं?*

केंद्राच्या उडान योजनेतलं पहिलं विमान एप्रिल २०१७ मध्ये सिमल्याहून दिल्लीला गेलं, तेव्हा तासाभराच्या प्रवासाला ठरावीक जागांसाठी सुमारे २,५०० रुपये दर ठरला होता. त्याच दराने १.७ सेकंदांचे १ रुपया १८ पैसे होतात. वळशाच्या सेवेचे ३ रुपये ३३ पैसे. टाके सरकारी शिबिरात फुकट पडतात.